उजव्या गुडघ्याची पट्टी

पट्टी बांधताना गुडघा किंचित वाकवून घ्यायचा. ताठ पायावर बांधलेली पट्टी धावताना सुटते.

*

मिसेस क्लेगच्या मागच्या दाराची दगडी पायरी रोज सकाळी पांढऱ्या खडूच्या दगडानं घासली जायची. त्या गल्लीतल्या सगळ्याच बायका आपापली पायरी घासायच्या. जिची पायरी मळकी तिचं घर मळकं, असा तिथला न्याय होता.

*

तालमीत आमचे वस्ताद सांगायचे: डोळे खोटं बोलतात. कंबर बघ.

*

जैनाच्या चुलीवर बटाटा चढत नाही. मी दोन वर्षं बटाट्यावर जगलो.

*

फुटबॉलच्या बुटाच्या तळाला चामड्याच्या चकत्या खिळ्यांनी ठोकलेल्या असत. त्यांना मी खुंट म्हणतो. चिखलात माणूस पायांवर उभा नसतो, त्या खुंटांवर असतो.

*

"जुनं दुखणं." हे शब्द बोलणाऱ्या माणसाच्या कोटाला लोकरीची कॉलर होती.

*

डावा

आर्थर पिलिंग स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणा पडला होता. त्याचा डावा गुडघा अर्धा वाकून अडकला होता, गंजलेली कडी अडकावी तसा, आणि मिसेस क्लेग चहाचा कप घेऊन त्याच्या डोक्याशी उभी होती.

"मावशी, चहा नगं. पाय दे," तो म्हणाला.

"माझे दोन हायत ते मलाच पुरंनात," ती म्हणाली. "बॉबला बोलीव."

बॉब म्हणजे मी. बाबगोंडा चौगुले, मुक्काम इचलकरंजी. शिष्यवृत्ती मिळवून लँकेशायरला मागाचं शिक्षण घ्यायला गेलो होतो. हेदरशॉ नावाच्या त्या गिरणगावात माझं नाव कुणाच्या तोंडात मावलं नाही, म्हणून बॉब. मिसेस क्लेगला तिचे भाडेकरू मावशी म्हणत नव्हते हे उघड आहे. पण ती माणसं पुस्तकातलं इंग्रजी बोलायची नाहीत. सुरुवातीला मला त्यांचं अर्धं बोलणं कळायचंच नाही, आणि कळायला लागलं तेव्हा ते आमच्या पंचगंगेकाठच्या बोलीत ऐकू यायला लागलं. तेव्हा इथेही ती तशीच बोलतील.

मी त्याच्या गुडघ्याखाली हात घातला, दुसऱ्या हातानं घोटा धरला, पाय जरासा बाहेर वळवला आणि सावकाश सरळ करत आणला. आत काहीतरी टक् करून जागेवर बसलं. तालमीत वाढलेल्या कुणालाही एवढं येतं. पिलिंगनं डोळे उघडले आणि चहाला हात पुढे केला.

तो हेदरशॉच्या फुटबॉल संघात पगारी खेळाडू होता, उजव्या कडेनं धावणारा विंगर. दर शनिवारी हजारो माणसं त्याच्या नावानं ओरडायची आणि दर रविवारी तो आमच्या फरशीवर पडलेला असायचा. गुडघ्यातली कूर्चा फाटली होती. कापून काढतात म्हणे, पण कापलेले त्याच्या ओळखीचे तिघे परत मैदानात दिसले नव्हते. मे महिन्यात क्लब कुणाला ठेवायचं आणि कुणाला नारळ द्यायचा ते ठरवायचा. डाव्या गुडघ्याची गोष्ट क्लबपर्यंत गेली की पिलिंग संपला.

आणि मागे परतायला काही नव्हतं. तो ज्या गिरणीत लहानपणी कामाला होता तिच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. गावात निम्म्या गिरण्या तशाच. तुमच्या लोकांनी आमचं कापड जाळलं म्हणून हे झालं, असं मला खानावळीत, ट्राममध्ये, एकदा तर चर्चच्या दारात ऐकवलेलं होतं. पिलिंग तसं कधी बोलला नाही. तो म्हणायचा, "बॉब, तुमी कापड जाळा न्हाईतर नेसा. फकस्त मे महिन्यापातूर माझा पाय सांभाळ."

उजवा

उजवा गुडघा निरोगी होता. पांढरीशुभ्र, जाडजूड पट्टी आम्ही त्याच्यावर बांधायचो.

ही काही पिलिंगची एकट्याची अक्कल नव्हती. तो काळ असा होता की समोरच्या संघाचा बचाव करणारा बॅक सामन्याआधी तुमच्या चेहऱ्याकडे बघायचा नाही, पायांकडे बघायचा. पट्टी दिसली की तिथे बूट घालायचा. मग ज्याचा डावा दुखतो त्यानं उजवा बांधावा, हे ओघानं आलंच. धडधाकट गुडघ्यावर लाथा बसायच्या, पिलिंग विव्हळत कोसळायचा, रेफरी शिट्टी वाजवायचा, आणि दुखऱ्या गुडघ्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. स्वतःच्या क्लबलाही त्यानं हेच दाखवलं होतं: उजवा जरा दुखरा आहे, चालतंय. विंगर पळतोय आणि वर फ्री किक मिळवून देतोय म्हटल्यावर क्लबचंही काही म्हणणं नव्हतं.

ही युक्ती त्याला नेड ब्रिअर्लीनं शिकवली होती. नेड त्याच संघाचा हाफ, म्हणजे मधल्या फळीत खेळणारा, पिलिंगचा जिवाभावाचा दोस्त, आणि मी यायच्या आधी माझ्या खोलीत राहणारा. पट्टी नेडच बांधायचा. नाताळनंतर क्लबनं नेडला वॉर्डलबीच्या संघाला विकून टाकला. तिथे खेळाडू असेच विकले जायचे, बैलबाजारात दात बघून विकतात तसे, आणि खेळाडूला विचारलंच तर ट्रेन कितीची पकडणार एवढंच विचारायचे. नेड गेला. त्याची खोली मला मिळाली, त्याची गादी मिळाली, आणि पट्टी बांधायचं कामही.

नेड गेला तेव्हा त्या दोघांनी एकमेकांचा निरोप कसा घेतला ते मला मिसेस क्लेगनं सांगितलं. पिलिंग म्हणाला, आता माझा डावा तुझ्या खिशात गेला. नेड म्हणाला, खिशाला भोक न्हाई.

मग एप्रिल उजाडला, आणि मोसमातला शेवटचा सामना कुणाशी आहे ते सगळ्यांना आठवलं. वॉर्डलबीशी. दोन्ही संघ तळाला. हरेल तो खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार, आणि खालच्या डिव्हिजनला एवढे खेळाडू लागत नाहीत. उजव्या कडेच्या विंगरला अडवायचं काम वॉर्डलबीच्या डाव्या हाफचं. तो डावा हाफ म्हणजे नेड ब्रिअर्ली.

त्या आठवड्यात पिलिंग घरात कमी बोलला. एकदाच, जेवताना, ताटाकडे बघत म्हणाला, "नेडला तान्हं पोर झालंय न्हवं का?"

"मुलगी," मिसेस क्लेग म्हणाली.

"म्हंजे त्योबी मे महिन्याची वाट बघत आसंल."

मिसेस क्लेगनं त्याच्या ताटात आणखी एक चमचा वाटाणे वाढले.

उजवा

शनिवारी सकाळी पाऊस होता. तिथला बारीक पाऊस, ज्याला तिथले लोक पाऊस म्हणतच नाहीत. मी स्वयंपाकघरात पट्टीची गुंडाळी वळत बसलो होतो आणि पिलिंग वर दाढी करत होता. मागचं दार न ठोठावता उघडलं.

आत आलेला माणूस बुटका, रुंद खांद्यांचा होता. टोपीतून पाणी गळत होतं आणि काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेले बूट होते. त्यानं कुणाला काही न विचारता फळीवरचा कडेचा निळा मग काढला आणि किटलीतला चहा त्यात ओतून घेतला. तेव्हा मला कळलं हा कोण ते. त्या मगाला मिसेस क्लेग कधी मला हात लावू द्यायची नाही.

"तूच व्हय माझ्या गादीवर निजणारा," तो म्हणाला.

"गादीला मधी खड्डा आहे," मी म्हणालो.

"त्यो म्याच पाडलाय. जपून वापर."

मिसेस क्लेग बाहेरून आली, त्याला बघून आधी शिव्या घातल्या, मग जवळ घेतलं, मग पोरीचं वजन विचारलं. तो ट्रेननं बाकीच्यांच्या आधीच निघून आला होता. मॅनेजरला सांगितलं होतं, जुन्या घरमालकिणीला भेटून येतो. हसत बोलत होता, पण त्याची नजर सारखी माझ्या हातातल्या गुंडाळीवर येत होती. येत होती आणि निघून जात होती.

जिन्यावर पिलिंगची पावलं वाजली आणि मध्येच थांबली. वरूनच तो म्हणाला, "कोण आलंय?"

"वॉर्डलबीचा एक चोर," नेड म्हणाला.

पिलिंग खाली आला. दोघांनी हात मिळवले. एवढ्या दोस्तीत हात मिळवणं मला विचित्र वाटलं. ते हवापाण्याबद्दल बोलले, मैदान किती ओलं असेल त्याबद्दल बोलले, नेडच्या मुलीला नाक कुणाचं आहे त्याबद्दल बोलले. गुडघा हा शब्द कुणी काढला नाही. पिलिंग उभाच राहिला, आणि मी बघत होतो, त्यानं अंगाचा भार डाव्या पायावर टाकला होता. मुद्दाम. पाय कसा मजबूत आहे ते दाखवायला. नेडही ते बघत होता. ज्या माणसानं वर्षभर तो पाय मांडीवर घेतला होता त्याला हा दाखवत होता.

मग पिलिंग कपडे करायला वर गेला, मिसेस क्लेग कोळसा आणायला गेली, आणि नेड मला हळू आवाजात म्हणाला, "आज पट्टी नगं बांधू."

"कोणत्या पायाला?"

"कोणत्याच न्हाई. उघडा येऊ दे त्याला."

"का?"

त्यानं तो निळा मग धुऊन फळीवर होता तिथे ठेवला. "म्या सांगितलं म्हणून सांग," तो म्हणाला, आणि बूट घेऊन मागच्या दारानं बाहेर पडला. लगेच गेला नाही. काचेतून मला तो पायरीवर बसलेला दिसला, पाठमोरा, पावसात. मांडीवर बूट होते आणि खांदे हलत होते, विळी घासणाऱ्या माणसाचे हलतात तसे. बूट साफ करत असावा असं मला वाटलं. मग मी वर गेलो.

डावा

पिलिंगनं निरोप ऐकला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"पट्टी न्हाई बांधली तर काय हुईल?" त्यानं विचारलं, आणि उत्तरही त्यानंच दिलं. "समोरच्या गड्यांना मारायला जागाच ऱ्हाणार न्हाई. मंग ते कुठं मारतील? गावंल तिथं. कधी उजव्याला, कधी डाव्याला. पट्टी ही माझ्या डाव्याची ढाल हाय, बॉब. नेडला ते माझ्याहून चांगलं ठावं हाय. त्यानंच बनीवली ती."

"मला तो खरं बोलतोय असं वाटलं," मी म्हणालो.

"कशावरनं?"

"डोळ्यांवरून."

पिलिंग हसला. "डोळ्यांनी तर गंडवत्यात, लेका. मी रोज तेच करून खातो. डोळं डावीकडं, कंबर उजवीकडं. तुझ्या त्या वस्तादानं शिकीवलं न्हाई का?"

शिकवलं होतं.

"त्याच्या डोक्यावर मॅनेजर हाय. घरात पोर हाय," पिलिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, ते मला जास्त टोचलं. "त्याच्या जागी मी असतो तर मीबी हेच केलं असतं. वाईट एवढंच वाटतं की मावशीचा चहा पिऊन केलं." मग त्यानं पलंगाच्या कडेवर बसून उजवा पाय पुढे केला. "बांध. आणि आज जरा जाडच बांध. लांबून दिसू दे."

मी गुडघा किंचित वाकवून घेतला आणि बांधली.

खाली आलो तेव्हा मिसेस क्लेग मागच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. सकाळी घासलेल्या पायरीवर तपकिरी ओरखडे आणि पावसात कालवलेला भुसा पडला होता. कोळसेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिनं बादली उचलली.

उजवा, डावा

मी कडेच्या कुंपणाला टेकून उभा होतो, पिलिंग जिथून धावायचा त्या बाजूला. माझ्या दोन्ही बाजूंना गिरणीतली माणसं. पावसानं गवत केव्हाच गिळलं होतं, मधला सगळा पट्टा लाल मातीच्या आखाड्यात कुणी घागरी ओतल्यासारखा दिसत होता. फक्त माती काळी होती.

संघ आत आले. वॉर्डलबीच्या खेळाडूंच्या नजरा मी बघत होतो. एकेकाची नजर आमच्या अकरा जणांवरून फिरली आणि पांढऱ्या पट्टीवर थांबली. सगळ्यांच्या नजरा तिथे थांबल्या. नेडची नाही. त्यानं पट्टी बघितली, मान खाली घातली, आणि बराच वेळ वर केली नाही.

पहिल्यांदा चेंडू पिलिंगकडे आला तेव्हा माझी बोटं कुंपणाच्या तारेत अडकली होती. नेड धावत आला. मी फक्त त्याची कंबर बघत होतो. कंबर पिलिंगच्या डाव्या गुडघ्याकडे वळली की सगळं संपलं. ती उजव्याकडे वळली. बूट पट्टीला लागला, न लागल्यासारखा. पिलिंग गोळी लागल्यासारखा कोसळला. शिट्टी. नेडच्या आईबापांची विचारपूस आमच्या कुंपणावरून सुरू झाली. उठताना पिलिंगनं माझ्या दिशेनं डोळा मिचकावला.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा नेड वळायला गेला आणि त्याचे दोन्ही पाय पुढे सटकले, तो बसूनच दहा हात घसरत गेला. लोक हसले. थोड्या वेळानं पुन्हा घसरला. माझ्या शेजारचा म्हातारा विणकर ओरडला, "नेड, बायकोची चपल घालून आलाय का रं?" बाकीचेही घसरत होते, पण नेडसारखं कुणी नाही. पिलिंग थांबायचा, तेव्हा नेड थांबू शकायचा नाही. त्यामुळे पिलिंगचं फावत होतं, आणि मी हळूहळू तारेतून बोटं सोडवली.

मध्यंतराला खेळाडू आत जाताना वॉर्डलबीच्या मॅनेजरनं नेडची बाही धरली. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्यानं दोनदा बोट दाखवलं, दोन्ही वेळा आमच्या पिलिंगच्या उजव्या गुडघ्याकडे. मी ते बघितलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे त्यांना ठाऊक नाही. म्हणजे नेडच्या खिशाला खरोखर भोक नव्हतं. पिलिंगला हे ओरडून सांगावं असं वाटलं, पण तो खेळाडूंच्या खोलीकडे जाणाऱ्या बोगद्यात शिरला होता.

मध्यंतरानंतर पिलिंग उजव्या कडेनं निघाला, नेडला मागे टाकलं, चेंडू मध्ये दिला आणि आमच्या सेंटर फॉरवर्डनं डोक्यानं गोल केला. म्हातारा विणकर माझ्या गळ्यात पडला. ज्यानं मला चर्चच्या दारात कापडावरून ऐकवलं होतं तोच हा म्हातारा.

मग वॉर्डलबीचा मॅनेजर उठून अगदी रेषेपाशी येऊन उभा राहिला.

पुढच्या खेपेला चेंडू आला तेव्हा पिलिंग माझ्यासमोरच होता, चार हातांवर. त्यानं डोळे डावीकडे नेले आणि कंबर उजवीकडे. नेड फसला नाही. तो आधीच पट्टीच्या दिशेनं निघाला होता, आधीसारखाच, मोठा आव आणून. पण मध्ये पाणी साचलेलं होतं. मला नेडचा चेहरा दिसला. तो थांबायला बघत होता. टाचा रोवायला बघत होता, आणि टाचा रुततच नव्हत्या, आणि त्याचं सगळं रुंद अंग दोन्ही पाय पुढे करून बर्फावरून सोडलेल्या ओंडक्यासारखं येत राहिलं.

मागावर धोट्याला मारणारी लाकडी काठी असते. चालत्या मागावर ती मोडली की सगळ्या शेडमध्ये ऐकू जातं. तसा आवाज झाला.

नेड आधी उठला. रेफरीनं काही म्हणायच्या आत तो स्वतःच मैदानाबाहेर चालू लागला होता, त्याला परत बोलवावं लागलं. पिलिंग उठायला बघत होता. तेव्हा बदली खेळाडू नसायचा, पडलेला माणूस उठला नाही तर संघ दहाचा व्हायचा. त्यानं माझ्यासमोर कुंपणाची तार धरली आणि उभा राहिला. एका पायावर. डाव्या. उजवा त्याच्याखाली भलत्याच दिशेला लोंबत होता. मी मनात म्हणत होतो, आता अडकू नकोस, आता अडकू नकोस. तो अडकला नाही. ट्रेनर स्ट्रेचर घेऊन येईपर्यंत त्या डाव्या गुडघ्यानं त्याला खांबासारखा उभा ठेवला.

आमचे दहा जण उरलेला सामना लढले आणि तो एक गोल टिकला. हेदरशॉ वाचलं.

उजवा

इस्पितळात संध्याकाळी क्लबचे एक डायरेक्टर आले. लोकरीची कॉलर, हातात द्राक्षं. गुडघ्याची वाटी फुटली आहे, आतले दोरही तुटले आहेत, हा पाय पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. डायरेक्टर पलंगाशी उभे राहिले, म्हणाले की गाव तुम्हाला विसरणार नाही. मग द्राक्षं ठेवली आणि म्हणाले, "अर्थात, हे जुनं दुखणं होतं. वर्षभर पट्टी होती. आम्ही सगळ्यांनीच पाहिली आहे. मैदानावर नव्यानं झालेली इजा असती तर गोष्ट वेगळी होती. क्लबनं काही सोय केली असती, प्रेक्षकांच्या स्टँडवर एखादं काम वगैरे. जुन्या दुखण्याला समितीची तयारी होत नाही."

मी उभा राहिलो. "साहेब, हा गुडघा आज दुपारपर्यंत—"

"बॉब," पिलिंग म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं चादरीखाली डाव्या गुडघ्यावर हात ठेवला होता. उजवा निरोगी होता म्हणायचं तर पट्टी कशाला होती ते सांगावं लागणार होतं. वर्षभर दुखरा पाय लपवून क्लबला फसवलं हे सांगावं लागणार होतं. मग काम तर राहोच, द्राक्षंही परत गेली असती.

"व्हय साहेब," पिलिंग म्हणाला. "जुनंच हाय."

साहेबांनी मान हलवली, टोपी घातली आणि गेले. मिसेस क्लेगनं द्राक्षं उचलली आणि शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला देऊन टाकली.

डावा

नेड दुसऱ्या दिवशी आला. भेटीची वेळ व्हायच्या आधीच तो फाटकाशी उभा होता असं नर्सनं सांगितलं. तो पलंगाशी बसला नाही. टोपी दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मी उठून जायला लागलो तर पिलिंगनं मला हातानंच बसवलं.

"मॅनेजरनं आठवडाभर आधी सांगितलं हुतं," नेड म्हणाला. "त्या पट्टीवाल्याला मोडून काढा. ते काम सेंटर हाफ करणार हुता, त्यो कसा हाय तुला ठावं हाय. मी म्हटलं, मी करतो. मी केलं तर वरवर करीन म्हणून."

"डाव्याचं सांगितलं न्हाईस त्यांना."

"न्हाई."

"सांगितलं असतंस तर उजवा वाचला असता," पिलिंग म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. हसताना त्याला दुखलं.

"पट्टी नगं म्हणून निरोप दिला हुता," नेड म्हणाला. "पट्टीच नसती तर मला मारायला काय हुतं? मॅनेजरला म्हटलं असतं, कोण पट्टीवाला? हितं तर कुणीच न्हाई."

"निरोप मिळाला."

"मंग का बांधलीस?"

"तूच शिकीवलंस," पिलिंग म्हणाला. "समोरचा सांगंल त्याच्या उलट करायचं."

नेडनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

"एक सांग," पिलिंग म्हणाला. "तुझ्यासारखा चिखलात उभा ऱ्हाणारा गडी मी बघितला न्हाई. मी घसरायचो, तू कवा घसरायचा न्हाईस. काल पहिल्यापास्नं घसरत हुतास. थांबता का आलं न्हाई तुला?"

नेडनं टोपीची कड बोटांत फिरवली. एकदा पूर्ण फिरवली, पुन्हा फिरवली.

"ओलं हुतं," तो म्हणाला.

मे महिन्यात हेदरशॉनं पिलिंगचं नाव वगळलं. वॉर्डलबी खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं आणि त्यांनी नेडचं वगळलं. सप्टेंबरात मी परतलो. पुढे मिसेस क्लेगच्या नाताळच्या कार्डांतून कळत राहिलं की पिलिंगनं मैदानाच्या फाटकाशी वर्तमानपत्रांचं दुकान टाकलंय, उजवा पाय काठीसारखा ताठ ठेवून तो दिवसभर डाव्यावर उभा असतो, आणि तो गुडघा त्यानंतर एकदाही अडकला नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी, मिसेस क्लेगच्या मागच्या पायरीवर बसून, नेड ब्रिअर्लीनं आपल्या दोन्ही बुटांचे खुंट दगडावर घासून सपाट केले होते, आर्थरला लागू नये म्हणून.